तुमच्या एकटीचा माईक

बाई, तुम्हाला माहीत होतं. पहिल्यापासून माहीत होतं आणि तुम्ही बोलला नाहीत. आता उलट उत्तर द्यायला तुम्ही नाही, म्हणून मी हे इतक्या ठामपणे लिहू शकते, हेही मला कळतं.

मेधाने स्मरणिकेसाठी लेख मागितला. "शोभाताई, आईच्या आठवणी लिहा. तिच्या इतकं जवळ तुमच्याशिवाय कोण होतं?" तुमची मुलगी तुमच्यासारखी नाही, मनात असेल तेवढंच बोलते. तरी मी फोन ठेवल्यावर विचार करत बसले. हिला काही कळलंय का? 'जवळ' म्हणताना थोडी थांबली का? माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. कुणी चहा दिला तरी आधी कपाकडे बघते.

तुमच्या मागे तंबोरा घेऊन इतकी वर्षं बसले, याला जवळ म्हणत असतील तर होते मी जवळ. तुमच्या चेहऱ्यापेक्षा तुमची पाठ माझ्या जास्त ओळखीची. ब्लाउजच्या गळ्याशी घाम जमला की तुम्ही आता आवरतं घेणार, हे मला तबलजीच्या आधी कळायचं. तुमच्या मनात काय आहे ते मात्र पाठीवरून कळत नाही. मी ते कळतं असं धरून चालले.

तुमचा जन्म, तुमचे गुरू, रेडिओवरचे दिवस, लग्नानंतरची गाणं बंद असलेली वर्षं, सगळं निखिलच्या चित्रपटात आहे. ज्याला हवं त्याने तिथे बघावं. मला त्या चित्रपटाबद्दलच लिहायचंय. त्यातल्या एका वाक्याबद्दल.

निखिल तुमच्या दारात आला तो दिवस आठवतो. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र तसंच लटकत होतं. आठवडाभर सॉफ्टवेअर, शनिवार-रविवार कॅमेरा. "बाई, मला तुमच्या लाइफवर फिल्म करायचीय."

"का? मी अजून गेले नाही."

"नाही, म्हणजे, तुमचं करिअर डॉक्युमेंट व्हायला हवं ना."

"बस. चहा घे. करिअर दूध तापल्यावर सांगते."

त्याने तुम्हाला खडकवासल्याला नेलं. मागे पाणी, पदर वाऱ्यावर, असलं काही त्याच्या डोक्यात होतं. तुम्ही गाडीतून उतरला नाहीत. "वाऱ्याने घसा बसतो. त्याला म्हणावं, धरण एकट्याचंच घे." तुमच्या तरुणपणासाठी त्याने एक मुलगी खांद्यावर तंबोरा देऊन लकडी पुलावरून चालवली. ते बघून तुम्ही माझ्या कानात म्हणालात, "मी कधी तंबोरा घेऊन पूल ओलांडला गं? टांगा होता की." मी हसले. त्या काळात आपण बरंच हसलो. ते इथे लिहून ठेवते, कारण पुढे हसण्यासारखं काही नाही.

ज्यांना मैफलीतली रीत माहीत नाही त्यांच्यासाठी एवढं सांगायला हवं. मागे तंबोऱ्यावर बसलेली शिष्या नुसती तारा छेडत नाही. गुरूने स्वर सोडला की तो ती उचलते, गुरू परत आली की तिने विरून जायचं. गुरूच्या आधी वरच्या सा वर जायचं नाही, नवी जागा घ्यायची नाही, दाद आली तर मान खाली. वय झालं की गुरूचा दम अपुरा पडतो आणि मागचा आवाज जास्त लागतो. हे सगळ्यांना माहीत असतं, कुणी बोलत नाही.

तुमची एक लकब होती. वरचा सा यायच्या आधी तुम्ही माईकपासून जराशा मागे सरायच्या आणि मान खाली घालायच्या. मी त्याचा अर्थ लावला होता: बाईंचा दम संपला, आता तू. मी सा लावायचे. लांब, भरलेला. सभागृहातून 'आहा' यायचा आणि तो तुमच्या अंगावर पडायचा. आपल्या मागे फलक असायचा, कधी मोबाइलवाल्यांचा, कधी बिल्डरचा. गाण्याला आता कंपन्यांचा आश्रय होता. फलकावरच्या जाहिरातीतली मुलगी हसत असायची, तुम्ही नमस्कार करत असायच्या, आणि मी मान खाली घालून मनात म्हणत असायचे, तो माझा होता.

मला पुढे का बसवत नाही, हे मी तुम्हाला कधी विचारलं नाही. तुम्ही आपण होऊन म्हणायच्या, "तुला अजून वेळ आहे." माझ्यानंतर आलेल्या मुली सकाळच्या मैफलींत पुढे बसून गायल्या. मला वेळ होता. मी पस्तिशी ओलांडली, मी नोकरीला होते त्या बँकेत कॉम्प्युटर आले, मुलगा शाळेत जायला लागला, मला वेळच होता. आणि मी मनाशी एक उत्तर तयार ठेवलं होतं. ते माझ्या आडनावाचं होतं.

आज स्पष्ट लिहिते. आम्ही मूळचे नागपूरकडचे. आजोबांनी छप्पन साली बाबासाहेबांबरोबर धम्म घेतला. वडील पुण्याला कारखान्यात लागले, त्यांना रेडिओचं वेड, त्यांनीच मला तुमच्याकडे आणलं. तुम्ही मला गाऊन दाखव म्हणालात, बाकी काही विचारलं नाहीत. तुमच्या घरात मला कधी वेगळा पेला मिळाला नाही. पण वेगळा पेला मिळाला नाही हे ज्याला लक्षात ठेवावं लागतं, त्याचं लक्ष सतत कुठे असतं, ते तुम्हाला कधी कळलं का, बाई?

शनिवार पेठेतल्या त्या घरची बैठक तुम्हाला आठवत असेल. गाणं झाल्यावर यजमानीणबाई माझ्यापाशी आल्या. "किती गोड आवाज हो हिचा! काय गं, आडनाव काय तुझं?" मी तोंड उघडलं आणि तुम्ही मध्येच म्हणालात, "माझी विद्यार्थिनी आहे. वहिनी, कॉफीत साखर तुम्ही घातलीत की साखरेत कॉफी?" सगळे हसले. विषय गेला.

रिक्षात मी तुमच्या शेजारी बसले होते. विचारायचं होतं की तुम्ही मला सांभाळलंत की लपवलंत? तुम्ही म्हणालात, "उद्या लवकर ये, तुझा मध्यम चढा लागतो." मी हो म्हटलं. ते भांडण तिथेच राहिलं. माझ्या मनात ते रोज चालू होतं, तुमच्यापर्यंत एकदाही पोचलं नाही.

मग निखिल माझ्या घरी आला. मी तेव्हा बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली होती आणि दुपारी घरातच असायचे. त्याने तुमच्याबद्दल विचारलं, मी शिष्येने बोलायचं ते बोलले. कॅमेरा बंद करून केबल गुंडाळता गुंडाळता त्याने विचारलं, "मॅडम, एक असंच विचारतो. बाईंचा वरचा सा या वयात इतका सॉलिड कसा लागतो?"

मी म्हणाले, "तो त्यांचा नसतो."

एवढंच. आणि वर म्हणाले, "पण हे कुठे सांगू नका हं." हे 'सांगू नका' कोणत्या आवाजात म्हटलं की गोष्ट नक्की सांगितली जाते, ते मला चांगलं माहीत होतं. मी त्याच आवाजात म्हणाले. खोटं बोलतेय असं मला वाटत नव्हतं. अनेक वर्षांनी खरं बोलले, असंच वाटत होतं. त्याला चकली दिली, दारापर्यंत सोडायला गेले, आणि मला फार हलकं वाटलं.

पहिल्या खेळाला तुम्ही पहिल्या रांगेत, मी तुमच्या मागे. सवयीनेच. शेवटाकडे ती मैफल आली. कॅमेरा तुमच्या चेहऱ्यावरून सरकत सरकत माझ्यावर आला आणि निवेदक म्हणाला, 'गेली काही वर्षं रसिक ज्या स्वराला दाद देत आले, तो स्वर मागे बसलेल्या त्यांच्या शिष्येचा आहे.' वर टाळ्यांचा कडकडाट. सभागृहात कुणीतरी च्च केलं. ते तुमच्यासाठी होतं की माझ्यासाठी, कळलं नाही. मी तुमच्या पाठीकडे बघत होते. पाठ हलली नाही.

नंतर एका पत्रकाराने गाठलंच. "बाई, त्या स्वराबद्दल तुमचं काय म्हणणं?"

"ऐकलंत ना तुम्ही? मग झालं."

आणि निखिलला म्हणालात, "बरा झालाय. माझं नाक मात्र कॅमेऱ्यात डावीकडूनच का धरलंस कोण जाणे."

बाई, मी त्या दिवशी वाट बघत होते. तुम्ही मला झापाल, घरी बोलावून दार लावाल, 'काय सांगितलंस त्याला?' म्हणाल. मग मी आडनावाचं, सकाळच्या मैफलींचं, सगळं बाहेर काढणार होते. माझी तयारी होती. तुम्ही ती संधीच दिली नाहीत. पुढच्या शिकवणीला फक्त म्हणालात, "आता मागे बसत जाऊ नकोस. पुढे बसणाऱ्याने मागे बसलं की लोकांच्या माना दुखतात."

हाकलताहेत, मी ठरवलं. बोचलंय, पण कबूल करायचं नाही. मीही जायचं कमी केलं.

त्या वाक्याने मला सगळं मिळवून दिलं. 'उपेक्षित स्वर' म्हणून माझ्यावर लिहून आलं. बोलावणी आली. आयटीतली मुलं-मुली शनिवारी माझ्याकडे शिकायला यायला लागली, खाली मोटरसायकलींची रांग. वाघोलीला नवा फ्लॅट घेतला, तिथल्या एका खोलीत वर्ग. कॅलिफोर्नियाहून एक मुलगी कॉम्प्युटरवर शिकते, तिची पहाट आणि माझी संध्याकाळ. सगळे त्या वरच्या सा च्या ओढीने आलेले. मी तो लावून दाखवायचे आणि थोडा अंगावर काटा आणून घरी पाठवायचे.

दिवाळीत तुमचा फोन आला. "रेडिओवर ऐकलं तुला."

"हं."

"वरच्या सा वर श्वास मध्येच तुटतो तुझा. बघ त्याच्याकडे."

"बघते."

फोन ठेवून मी नवऱ्याला म्हणाले, "म्हातारीला अजून टोचतंय." हा शब्द माझा आहे, तो सौम्य करून लिहीत नाही. तोच आपला शेवटचा संवाद.

तुम्हाला दवाखान्यात हलवलं असा मेधाचा फोन आला तेव्हा मी यायला निघाले. नगर रोडला अडकले हे खरं. पण निघायच्या आधी साडी बदलत, परत बदलत बसले हेही खरं. तुमच्यासमोर कोण म्हणून उभं राहायचं ते ठरत नव्हतं. मी पोचले तेव्हा मेधा कॉरिडॉरमध्ये तुमचा चष्मा हातात घेऊन उभी होती.

चष्मा बघून मला भलतंच आठवलं. माझे वडील गेले तेव्हा तुम्ही विश्रांतवाडीला आमच्या घरी आला होतात. खाली सतरंजीवर बसलात, बुद्धवंदना संपेपर्यंत हलला नाहीत, आणि सगळे उठल्यावर चष्मा पुसत मला विचारलंत, "तुम्ही ती दुसरी ओळ कशी म्हणता गं? पुन्हा म्हण." मी रडत होते, तरी म्हटली. तुम्ही माझ्यामागून म्हटलीत. मी पुढे, तुम्ही मागे. "इथे कोमल लागतो तुमचा," म्हणालात, "सुंदर आहे." त्या दिवशी मला तुमच्याबद्दल काहीच शंका आली नव्हती. असे दिवस मी मोजायला हवे होते. मी दुसरेच मोजत राहिले.

आता निखिलचा फोन. मेधाला तुमच्या स्मरणसभेसाठी फक्त तुमचा आवाज हवा होता, बाकी काही नको, म्हणून त्याने ती जुनी मैफल पुन्हा काढली. "शोभाताई, एकदा येऊन ऐकता का? फोनवर नाही सांगता येणार."

मी कोथरूडला त्याच्याकडे गेले. स्क्रीनवर एकाखाली एक चार पट्ट्या होत्या. प्रत्येकाचा माईक वेगळा रेकॉर्ड झालेला. त्याने तबला बंद केला, पेटी बंद केली, मग माझी पट्टी बंद केली. "आता फक्त बाईंचा माईक. मी जरा वाढवतो."

आधी माझा आवाज आला, शेजारच्या खोलीतून यावा तसा, तुमच्या माईकमध्ये झिरपलेला. वर चढत होता. आणि त्याच्या अलीकडे, जवळ, तुम्ही होतात.

तुम्ही गात होतात, बाई. मागे सरून, मान खाली घालून, सभागृहाला वेगळा ऐकू जाणार नाही इतक्या हलक्या आवाजात तोच सा. बारीक, सरळ, कुठे कंप नाही. मग माझा श्वास तुटला. मी मध्ये श्वास घेतला ते त्या एकट्या माईकमध्ये स्वच्छ कळतं: माझा आवाज जातो, पोकळी येते. त्या पोकळीत तुम्ही एकट्या आहात. सा तिथेच आहे, तसाच. मी परत येते. आणि मी आल्यावर तुम्ही विरून जाता.

मुख्य गाणारी परत आली की मागच्याने विरून जायचं. ही रीत तुम्हीच मला शिकवली होती.

"पुन्हा लाव," मी म्हणाले. त्याने लावलं. त्याच्याकडे तुमच्या दुसऱ्या मैफलीही होत्या, त्याही लावल्या. माझा श्वास दर वेळी तुटत होता, आणि दर वेळी तिथे तुम्ही होतात. मी तुमचा दम सांभाळते असं समजत होते.

निखिलला विचारलं, "हे तेव्हा ऐकलं नव्हतंस?"

"तुम्ही म्हणाला होतात ना, तिथे बाई गात नाहीत. म्हणून मी मिक्सिंगला त्यांच्या माईकचा आवाज तिथे खाली ओढला."

"मग माझा तुटलेला श्वास चित्रपटात ऐकू कसा येत नाही?"

तो चष्मा पुसायला लागला. "थोडा गॅप येत होता तिथे. मग मी टाळ्या घातल्या."

टाळ्या, बाई. त्या माझ्या वाक्यावर पडल्या असं मी समजत होते.

तुम्ही हे का केलंत? मी गाडीत बसून वाघोलीपर्यंत हाच विचार केला. मला पुढे बसवता येत नव्हतं म्हणून निदान माझा आवाज पुढे जाऊ दिलात? की माझ्यावर भरवसा नव्हता, मध्येच पडेन म्हणून हात खाली धरून ठेवलात? आणि त्या खेळाला गप्प का राहिलात? माझं मिळालेलं काढून घ्यायचं नाही म्हणून, की असल्या गोष्टीचा खुलासा करणं तुम्हाला कमीपणाचं वाटलं म्हणून? तुमच्या चांगुलपणावर सरळ विश्वास ठेवावा असं फार वाटतं. जमत नाही. संशयाची सवय मला तुम्ही लावली नाहीत, ती मी घरून घेऊन आले होते. पण ज्यांनी ती आम्हाला लावली त्यांच्यात तुम्ही अजिबात नव्हतात, असंही मला छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही. सकाळच्या मैफलींचं उत्तर तुमच्याकडे राहिलं. ते कसं असेल ते मी आता ठरवणार नाही. एकदा ठरवलं होतं, त्याचं काय झालं ते वर लिहिलंय.

एवढं मात्र ठरवण्याची गरज नाही, ते ऐकू येतं: चित्रपटातलं ते वाक्य चूक आहे आणि ते माझं आहे.

निखिल भला मुलगा. म्हणाला, "ताई, रविवारी सभेत दाखवायच्या आधी मी ते वाक्य कट करतो. दोन मिनिटांचं काम. कुणाला कळणारपण नाही."

"म्हणूनच नको," मी म्हणाले. "वाक्य राहू दे. टाळ्या काढ. आणि चित्रपट संपला की बाईंचा माईक एकटा लाव."

त्याने विचारलं, "तुमच्या क्लासचं काय?"

"बघू. मुलं हुशार आहेत, त्यांना कान आहेत."

तो लगेच हो म्हणाला नाही. मेधाला विचारतो म्हणाला. मेधाला मीच फोन केला आणि हे सगळं सांगितलं, स्मरणिकेत छापायचं की नाही तेही तिच्यावर सोडलं. ती म्हणाली, "आई तुमचे रेडिओचे कार्यक्रम चुकवायची नाही, शोभाताई. वरचा सा आला की हातातलं काम ठेवायची." आणि रडायला लागली. मी विचारलं नाही की काम ठेवून काय करायची. मला भीती वाटली की ती सांगेल.

माझा लेख तुमच्या हातात असेल, म्हणजे तुमच्या माणसांच्या हातात, तेव्हा सभा सुरू झालेली असेल. माईक ऐकवून झाल्यावर मी गायचं आहे, तसं मेधाने छापून टाकलंय. तंबोरा तुमच्या पट्टीत लावते आहे, काळी चारमध्ये. तो मीच छेडणार, मागे कुणाला बसवणार नाही. वरचा सा येईल, मी चढेन, आणि तिथे माझा श्वास तुटेल. इतक्या वर्षांची खोड आठवड्यात जात नाही. या वेळी तिथे खाली कुणी नसेल. तुटलेला तसाच लोकांना ऐकू जाईल.

जाऊ दे. बघते त्याच्याकडे, बाई.